बोर्ड कोणता आहे?

२०१९-२० च्या सुमारास रायपुरात जोडून घेतलेले गेमिंग कॉम्प्युटर उघडून पाहिले तर आत फारसं वैविध्य सापडत नाही. हात आखडता असेल तर इंटेलचा आय३-९१००एफ आणि सोबत जीटीएक्स १६५०. जरा सैल असेल तर एएमडीचा रायझन ५ २६०० किंवा ३६०० आणि आरएक्स ५८० किंवा जीटीएक्स १६६०. त्याहून जुनी मशीन म्हणजे थोरल्या भावाने इंजिनीअरिंगला असताना घेतलेली आणि आता धाकट्याच्या टेबलावर आलेली. त्यांत आय५-३४७० नाहीतर आय५-४४६० असतो. घेतली तेव्हा ही सगळी मशीन उत्तम चालत होती. आता त्यांवर नवा गेम लावला की एफपीएस धाडकन खाली येतो, आणि समोर शत्रू आला की नेमका त्याच क्षणी पडदा गोठतो. मग घरात चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो प्रोसेसर बदलू, दुकानदार म्हणतो सगळंच नवीन घ्या, वडील म्हणतात अभ्यासापुरता तर चालतोय ना.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवा प्रोसेसर आहे त्याच बोर्डावर, आहे त्याच रॅमसोबत बसत असेल तर मुलगा बरोबर आहे. बोर्ड आणि रॅमही बदलावी लागत असेल तर तो नवा कॉम्प्युटर झाला, आणि त्याचा हिशेब नव्या कॉम्प्युटरसारखाच करायला हवा. बाजारात चांगला दुकानदार ओळखायचा तो यावरूनच. ‘प्रोसेसर बदलना है’ म्हटल्यावर जो आधी बजेट विचारतो त्याच्यापेक्षा ‘बोर्ड कौन सा है?’ असं विचारणारा बरा.

मुळात हा प्रश्न इतक्या घरांत एकदम का उभा राहिला? बरीच वर्षं प्रोसेसर बदलायची गरज फारशी पडतच नव्हती. इंटेलचे सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसर २००७ च्या कोअर २ क्वाडपासून २०१७ च्या आय७-७७०० पर्यंत चार कोअरवरच थांबलेले होते. दुसरीकडे मोठे गेम बनत होते ते प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन डोळ्यांसमोर ठेवून. २०१३ सालच्या या दोन्ही कन्सोलमध्ये एएमडीचे आठ ‘जॅग्वार’ कोअर होते खरे, पण ते मुळात स्वस्त लॅपटॉपसाठी बेतलेले आणि दोन गिगाहर्ट्झच्याही खाली चालणारे. तेवढ्या ताकदीत बसवलेला गेम घरच्या चार कोअरच्या आय५ वर सहज पळायचा. फक्त ग्राफिक कार्ड बदललं की मशीन पुन्हा ताजं.

हे चित्र २०२० च्या नोव्हेंबरात पालटलं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले, दोन्हींत साडेतीन गिगाहर्ट्झ आणि त्याहून वर चालणारे एएमडीच्याच झेन २ पिढीचे आठ खरेखुरे कोअर. दोन-तीन वर्षं गेम जुन्या कन्सोललाही सांभाळून घेत होते, मग त्यांनी जुन्याचा हात सोडला. २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ च्या तिसऱ्या अंकातलं शहर किंवा २०२४ च्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ मधला गजबजलेला बाजार हे त्याचे नमुने. रस्त्यावर हिंडणारं प्रत्येक पात्र कुठे जातंय, कोणाला धडकतंय, याचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो. तिथे चांगली ग्राफिक कार्डंही वाट बघत बसतात.

वाट बघणं म्हणजे नेमकं काय, ते समजलं की अर्धा निर्णय झाला. पडद्यावरचं प्रत्येक चित्र आधी प्रोसेसर मांडतो आणि मग ग्राफिक कार्ड रंगवतं. एक जण पोळ्या लाटतो, दुसरा भाजतो, असा हा मामला आहे. लाटणारा हळू असेल तर तवा रिकामा तापत राहतो. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येकासाठी साडेसोळा मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर जेमतेम सात. लाटणारा हळू आहे की भाजणारा, हे ओळखण्याची चाचणी फुकट आहे. एमएसआय आफ्टरबर्नर लावून गेम खेळताना कोपऱ्यात ग्राफिक कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहावं. तो सतत ९५ च्या वर असेल तर प्रोसेसर बदलून हाती काही लागणार नाही. साठ-सत्तरच्या घरात रेंगाळत असेल आणि गेम तरीही अडकत असेल तर संशय प्रोसेसरवर. खात्रीसाठी गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावं. एफपीएस वाढला तर कार्ड कमी पडत होतं. जिथल्या तिथे राहिला तर प्रोसेसर.

एकूण प्रोसेसर ४० टक्केच वापरात दिसतोय, मग तो कमी कसा पडेल, असं अनेकांना वाटतं. तो आकडा फसवा असतो. गेमचं मुख्य काम बहुधा एक-दोन धाग्यांवरच (थ्रेडवरच) चालतं. आठांपैकी एक धागा शंभर टक्क्यांवर धापा टाकत असला आणि बाकीचे निवांत असले तरी सरासरी कमीच दिसते. म्हणून प्रत्येक धाग्याचा वापर वेगवेगळा दाखवायला लावायचा. तसंच सरासरी एफपीएसपेक्षा सर्वांत वाईट एक टक्का क्षणांचा एफपीएस बघायचा. हाताला जाणवणारा झटका तिथे पकडला जातो.

यात गंमत अशी की एकाच मशीनवर दोन गेम दोन वेगळी उत्तरं देतात. आय३-९१००एफ आणि जीटीएक्स १६५० हीच जोडी घ्या. मोठा, देखणा, एकट्याने खेळायचा गेम लावला तर आधी कार्डाचा श्वास कोंडतो. तिथे प्रोसेसर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याच मशीनवर कमी सेटिंगला व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ लावा, मग कार्ड आरामात आणि चार धाग्यांचा प्रोसेसर घामाघूम. २०२३ च्या सप्टेंबरात सीएस:गोची जागा काउंटर-स्ट्राइक २ ने घेतली तेव्हा कालपर्यंत सुरळीत चालणारी कितीतरी मशीन रातोरात जुनी झाली. त्यामुळे ‘प्रोसेसर बदलू का?’ याच्या आधी ‘कोणता गेम?’ हा प्रश्न येतो.

आणि त्याच्याही आधी रॅम. आठ जीबीची एकच पट्टी असलेली मशीन अजूनही खूप आहेत. एका पट्टीवर मेमरीचा एकच मार्ग चालू राहतो. दुसरी पट्टी योग्य खाचेत घातली की रुंदी दुप्पट होते. दुसरा प्रकार तर आणखी चीड आणणारा आहे: ३२०० ची रॅम विकत घेतलेली असते, पण बायोसमध्ये एक्सएमपी कोणी चालूच केलेलं नसतं, आणि ती वर्षानुवर्षं २१३३ वर रांगत असते. रायझनला हे जास्त बाधतं, कारण त्याच्या आतल्या जोडरस्त्याचा वेगही रॅमशी बांधलेला असतो. बायोसमध्ये एक पर्याय बदलायचा, खर्च शून्य. प्रोसेसर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने आधी एवढं करून बघावं.

आता बोर्ड. इंटेलवाल्यांची गोष्ट फारशी सुखाची नाही. इंटेलने साधारण दर दोन पिढ्यांनी सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, बदललं. ११५५ वर २०११-१२ ची दुसरी-तिसरी पिढी, ११५० वर २०१३-१४ ची चौथी. या बोर्डांवर जास्तीत जास्त आय७-३७७० किंवा आय७-४७९० बसतो. चार कोअर तेच, पण धागे आठ. आय५ वरून तिकडे गेल्यावर मधले झटके कमी होतात, हे खरं. सेकंडहँड घेतला तर काही हजारांत काम होतं. अंतर्गत ग्राफिक्स नको असेल तर त्याच घरातला झिऑन ई३-१२३१ व्ही३ हा स्वस्तातला आय७ च समजावा. पण हा तात्पुरता उपाय आहे. डीडीआर३ रॅम, आणि विंडोज ११ चं दार बंद.

११५१ सॉकेटची कथा तर विचित्रच. २०१५ ची सहावी, २०१७ च्या सुरुवातीची सातवी आणि २०१७ च्या ऑक्टोबरपासूनची आठवी-नववी पिढी, सगळ्यांचं सॉकेट आकाराने एकच. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर एच११० किंवा बी२५० बोर्डावर चालत नाही. विजेच्या पिनांची मांडणी बदललेली आहे. काही हौशी लोक पिनांवर टेप चिकटवून आणि बायोसमध्ये फेरफार करून तो चालवतात. तो जुगाड ज्याला स्वतःचा बोर्ड जाळायची तयारी आहे त्याने करावा. सहाव्या पिढीच्या आय५ वाल्याला अधिकृत मार्ग आय७-७७०० पर्यंतचाच, आणि त्याचा जुन्या बाजारातला भाव त्याच्या लायकीपेक्षा नेहमी चढाच असतो. सगळ्यांनाच तो हवा असतो ना!

आय३-९१००एफ वाला मात्र सुस्थितीत आहे. त्याचा बोर्ड एच३१० किंवा बी३६० असणार, आणि त्यावर सहा कोअर-बारा धाग्यांचा आय७-८७०० किंवा आठ कोअरचा आय७-९७०० बसतो. फक्त एच३१० चे स्वस्त बोर्ड वीज पुरवण्यात कमजोर असतात. त्यावर आय९-९९०० लादायचा मोह टाळावा. १२०० सॉकेटवाल्या दहाव्या पिढीत एक मेख आहे: एच४१० आणि बी४६० बोर्ड बहुतेक अकराव्या पिढीला घेत नाहीत, तेव्हा आय३-१०१०० वरून पुढे जायचं तर दहाव्याच पिढीचा आय५ किंवा आय७ बघायचा. १७०० सॉकेट अजून जुनं म्हणवत नाही. पण तिथे तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर सेकंडहँड घेताना २०२४ चा गोंधळ आठवावा. जादा व्होल्टेजमुळे ते आतून खराब होत होते. इंटेलला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली.

एएमडीच्या एएम४ बोर्डवाल्यांचं नशीब मात्र खरोखर थोर. २०१७ च्या मार्चमध्ये पहिले रायझन आले, आणि त्याच सॉकेटवर २०१८ मध्ये झेन+, २०१९ मध्ये झेन २, २०२० च्या नोव्हेंबरात झेन ३, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये ५८००एक्स३डी. पाच वर्षांत एकाच भोकात चार पिढ्या बसल्या. हे कंपनीच्या निव्वळ उदारपणातून झालं असं समजू नये. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केलं होतं की झेन ३ बी४५० आणि एक्स४७० वर चालणार नाही. त्यावर ग्राहकांनी असा काही गिल्ला केला की त्याच महिन्यात कंपनीला शब्द फिरवावा लागला. बी३५० आणि ए३२० सारख्या पहिल्या बोर्डांनाही २०२२ मध्ये दार उघडलं.

अडचण बायोसच्या जागेची होती. जुन्या अनेक बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची, आणि इतक्या पिढ्यांची माहिती तिच्यात मावेना. एमएसआयने २०१९ मध्ये ३२ एमबीची चिप लावून बी४५० चे ‘मॅक्स’ नावाचे बोर्ड काढले ते त्यामुळेच. जुन्या बिगर-मॅक्स बोर्डांच्या नव्या बायोसमधून तर रंगीत, चित्रमय मेनू काढून टाकून साधा मेनू दिला गेला. तो पाहून घाबरू नये, मशीन बिघडलेलं नाही.

रायझन ५ १६०० किंवा २६०० वरून ५६०० वर गेल्यास, जिथे प्रोसेसरच आडवा येत होता अशा गेममध्ये दीडपट फरक पडणं नवलाचं नाही. कोअर सहाच, वीजही ६५ वॉटचीच. पण झेन ३ मध्ये सगळे कोअर ३२ एमबीच्या एकाच सामायिक कॅशवर बसतात. गेमला या कॅशचं वेड असतं. प्रोसेसरला हवी ती माहिती कॅशमध्ये सापडली तर पन्नासेक ठोक्यांत हाती येते. रॅमपर्यंत जावं लागलं तर सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद, म्हणजे साडेचार गिगाहर्ट्झला तीनशेहून जास्त ठोके तो नुसता हातावर हात ठेवून बसतो. गेममध्ये पुढच्या क्षणी कोणती माहिती लागेल याचा नेम नसतो, म्हणून हे हेलपाटे सारखे पडतात. ५८००एक्स३डी मध्ये एएमडीने ३२ च्या डोक्यावर ६४ एमबीची आणखी एक कॅश चिप रचली, एकूण ९६. जानेवारी २०२४ मध्ये आलेला ५७००एक्स३डी हा त्याचा जरा हळू आणि स्वस्त भाऊ. हे दोन्ही आता दुकानात नवे मिळणं मुश्कील झालं आहे. जुन्या बाजारात मिळाले तर भाव मागितला तेवढाच द्यावा लागतो. मध्यम कार्ड असलेल्या माणसाला त्यांची गरजही नाही. त्याला ५६०० पुरे.

५६०० आणि ५५०० मध्ये एका आकड्याचा फरक दिसतो, पण ५५०० ची कॅश निम्मी, १६ एमबी. ५६००जी चीही तेवढीच. ग्राफिक कार्ड नसेल तर ५६००जी घ्यावा लागेल, कारण ५६०० ला अंतर्गत ग्राफिक्स नाही. कार्ड असेल तर जी च्या वाटेला जाऊ नये. स्वस्त मिळतोय म्हणून ५६००जी गळ्यात मारणारे दुकानदार कमी नाहीत.

विंडोजचा मुद्दा गेमपेक्षा निकडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची एक वर्षाची मुदतवाढ तेवढी आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० आणि पुढचा प्रोसेसर लागतो. इथेही मेख आहे: नावात २००० असूनही २२००जी आणि २४००जी त्या यादीत नाहीत, कारण ते आतून पहिल्याच पिढीचे. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू लागतं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘बॅटलफिल्ड ६’ नेही तीच अट घातली. म्हणजे चौथ्या पिढीच्या आय५ च्या जागी आय७ लावून वेग मिळवला तरी दारावरचा पहारेकरी आत सोडेलच असं नाही. रायझन १६०० वाला ५६०० लावून मात्र वेग आणि प्रवेश दोन्ही एका खर्चात मिळवतो. एएम४ वरचं हे अपग्रेड मला आज सर्वांत फायद्याचं वाटतं ते याचसाठी.

प्रत्यक्ष बदलताना क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. बायोस आधी अपडेट करायचं, जुना प्रोसेसर जागेवर असताना. नवा लावून मग अपडेट करू म्हटलं तर बोर्ड त्याला ओळखतच नाही आणि पडदा काळा राहतो. फ्लॅशबॅकचं बटण असलेले बोर्ड सुटतात, पण स्वस्त बोर्डांवर ते नसतं. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. रायपुरात मे-जूनच्या दुपारनंतर धुळीचं वादळ येऊन वीज जाणं नवीन नाही. हे काम सकाळी आणि यूपीएसवर करावं. गेम खेळताना ६०० व्हीएचा यूपीएस दम तोडतो, पण बायोसच्या पडद्यावर मशीन फार कमी वीज घेतं, तेवढी पाच-सात मिनिटं तो निभावून नेतो.

मग प्रोसेसर काढण्याची वेळ. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ बारीक काड्या, आणि सॉकेटची पकड फारशी घट्ट नसते. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट वाळून सिमेंटसारखी झालेली. पंख्याचे स्क्रू सोडून तो सरळ वर ओढला की दांडी बंद असतानाच प्रोसेसर पंख्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, कधी कडेच्या दोन पिना वाकवून. हे टाळायचं तर काढण्याआधी पंधरा मिनिटं गेम चालवून मशीन तापवावं. मग ते बंद करून, वायर काढून, पंखा हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत राहावा. पेस्ट सैल झाली की एक मऊ ‘चट्’ असं सुटल्याचं जाणवतं, तेव्हाच वर उचलावा. पिन वाकलीच तर मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकात ती बसते आणि सरळ करता येते. इंटेलमध्ये उलटं आहे. पिना बोर्डावर असतात, आणि त्या वाकल्या तर बोर्डच गेला.

नवा प्रोसेसर कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. तो आपोआप खाली बसतो. पहिल्यांदा चालू केल्यावर एएमडीच्या अनेक बोर्डांवर एक इंग्रजी सूचना येते की नवा प्रोसेसर सापडला आहे, एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन. ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असेल आणि रिकव्हरी की जवळ नसेल, तर इथे वाय दाबलं की आपल्याच फाइल आपल्याला बंद होतात. की आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर उतरवून ठेवावी. प्रोसेसर बदलण्यातलं हे सर्वांत कमी बोललं जाणारं आणि सर्वांत महागात पडणारं पाऊल आहे.

आता इथला उन्हाळा. परीक्षणांतले तपमानाचे आकडे बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. प्रोसेसरचं तपमान म्हणजे खोलीचं तपमान अधिक त्याची स्वतःची चढ. बावीस अंशांच्या खोलीत जो सत्तरवर राहतो तो चाळीसच्या खोलीत अठ्ठ्याऐंशीला जाईल, आणि नव्वदच्या आसपास रायझन आपला वेग स्वतःच कमी करायला लागतो. पैसे मोजून घेतलेला वेग मे महिन्यात असा हवेत विरतो. ६५ वॉटचा ५६०० सोबतच्या पंख्यावर कसाबसा निभावतो. १०५ वॉटचा कोणताही प्रोसेसर घेणाऱ्याने चांगला टॉवर कूलर त्याच बजेटमध्ये धरावा.

इथल्या घरांत खोली थंड करतो तो खिडकीतला पाण्याचा कूलर. त्याच्या ताट्यांमधून येणारी हवा गार असते, पण ओली असते. कॅबिनेट त्याच्या झोतासमोर ठेवणारे लोक पाहिले की जीव खालीवर होतो. बारीक तुषार आणि खारं पाणी आतल्या पत्र्यावर पांढरे डाग ठेवून जातात, आणि त्यावर धूळ चिकटते. धूळही इथली साधी नाही. उरला आणि सिलतरा भागातल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी भुकटी गच्चीवरच्या वाळवणावर बसते तशी हीटसिंकच्या पाकळ्यांतही बसते. महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअर मारणं हा इथे चालू खर्च समजावा. अनेकदा नुसतं साफ करून पेस्ट बदलली तरी जुना प्रोसेसर पुन्हा आपल्या पूर्ण वेगाने धावायला लागतो, आणि मग नवा घ्यायची घाई ओसरते.

एसएमपीएसकडे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीकडे, कोणी बघत नाही. वर ‘४५० वॉट’ असं छापलेली, कॅबिनेटसोबत आलेली हलकी पेटी असेल तर नव्या प्रोसेसरआधी ती बदला. तिच्या दोषाचं खापर बिचाऱ्या प्रोसेसरवर फुटतं.

खरेदी कुठे करावी? नवा सीलबंद प्रोसेसर रायपुरातच घ्यावा, बिल घेऊन. तीन वर्षांची वॉरंटी असते आणि दुकानदार ओळखीचा असणं कामी येतं. जुन्या मालाची निवड मात्र इथे मर्यादित. आय७-४७९० किंवा ८७०० साठी मुंबईचं लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस किंवा ऑनलाइन जाहिराती धुंडाळाव्या लागतात. इथल्या मराठी घरांची एक सोय अशी की नागपुरात कोणी ना कोणी असतंच. सीताबर्डीत मामाने किंवा मावसभावाने माल डोळ्यांसमोर चालवून बघितला आणि वंदे भारतने चारेक तासांत घरी आणला, यासारखी खात्री कुरियरमध्ये नाही. प्रोसेसर स्वतः सहसा मरत नाही, म्हणून तो सेकंडहँड घेण्यात धोका कमी. बोर्ड मात्र जुना घेऊ नये. पण नवा म्हटलं तरी भुलू नये: एच६१ सारख्या जुन्या पिढीचे नवे कोरे बोर्ड अजूनही बाजारात आहेत, आणि त्यांवर बारा-पंधरा वर्षं जुने प्रोसेसर बसवून ‘आय७ गेमिंग पीसी’ म्हणून विकले जातात. फक्त आय७ एवढंच लिहिलं असेल आणि पुढचा आकडा नसेल तर पुढे जावं.

नवीनच घ्यावं की काय, हा प्रश्न एरवी मी मोकळा ठेवला असता. २०२५ च्या अखेरीस मात्र मेमरीचा बाजार असा काही उसळला की उत्तर एका बाजूला झुकलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी खेचून घेतली, डीडीआर५ चे भाव काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रूशियल ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. (नवा रायपुरातही २०२५ मध्ये एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली, आपल्या रॅमची महागाई आता शेजारीच राहायला आली म्हणायची.) एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ शिवाय गत्यंतर नाही. अशा वेळी ज्याच्याकडे १६ जीबी डीडीआर४ आधीच बोर्डावर बसलेली आहे त्याने ती सोडू नये. तिच्यासोबत चालणारा सर्वांत चांगला प्रोसेसर घ्यावा आणि दोन-तीन वर्षं काढावीत. डीडीआर३ वाल्याने आणि एएमडीच्या जुन्या एफएक्सवाल्याने मात्र जुन्या मशीनवर मोठी रक्कम घालू नये. फुकटात किंवा दोन-तीन हजारांत काही जमलं तर ठीक, नाहीतर पैसे साठवावेत.

राहता राहिला निघालेला जुना प्रोसेसर. तो रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकू नये. नव्याच्या खोक्यात आलेल्या प्लास्टिकच्या कवचात ठेवावा. रायझन २६०० ला गिऱ्हाईक सहज मिळतं, कारण त्याच बोर्डांवर १२०० किंवा २२००जी घेऊन बसलेले विद्यार्थी शहरात भरपूर आहेत. विकताना एवढंच विचारायचं की ग्राफिक कार्ड आहे ना. २२००जी वाला बिनकार्डाचा असेल तर २६०० लावल्यावर त्याला पडद्यावर काहीच दिसणार नाही, आणि संध्याकाळी तो पैसे परत मागायला येईल.